पुस्तकं ढोलीत ठेवणारे सर

"तुह्या घरी धान आवत्या टाकतेत का रोवणी करतेत?"

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायला आलेल्या मुलाला कोणी हा प्रश्न विचारत नाही. मला विचारला गेला. भंडाऱ्याच्या एका गल्लीत, सरांच्या ओसरीवर, फिजिक्सचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून मी उभा होतो. सर खाटेवर बसून पायाच्या नखातला चिखल काडीनं काढत होते. तो चिखल भंडाऱ्याचा नव्हता, त्यांच्या गावचा, आंबागडचा होता, आणि तो काढून टाकताना त्यांना वाईट वाटत असावं असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं.

"रोवणी करतो," मी म्हणालो.

"सगळी?"

"दूरच्या बांध्यांत आवत्या टाकतो. तिकडे तलावाचं पाणी पोचत नाही."

"आन् पीक कोन्त्या बांधीत जास्त?"

"रोवणीच्या."

"मंग अभ्यास काहून आवत्या करून राहिला बे?"

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण इतरांसाठी सांगतो. आवत्या म्हणजे नांगरलेल्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, बी मुठीनं फेकून मोकळं व्हायचं. उगवेल ते उगवेल. रोवणीची तऱ्हा वेगळी. आधी एका कोपऱ्यात दाट पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपं तयार करायची. ती वेळेवर उपटायची आणि चिखल केलेल्या बांधीत मोकळीमोकळी, एकेक करून लावायची. पाठ मोडते, पण धान पिकतं. मी आदल्या वर्षी त्या परीक्षेला बसलो तेव्हा सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये त्यातलं काहीच उगवलं नव्हतं. सरांनी मला ओळखायला एवढाच वेळ घेतला.

ते सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या राज्यात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचा आणि माझे मार्क त्याला पुरत नव्हते. पण वर्ध्याकडचं एक कॉलेज स्वतःची परीक्षा घ्यायचं. बारावीत कमी पडलेल्या माझ्यासारख्यांना तेवढं एकच दार उघडं होतं. एकदा त्या दारावर आपटून मी परत आलो होतो. बाबा म्हणाले होते, "आणखी एक डाव बस. मंग मामा म्हणतीन ते कर." मामा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, क्वार्टरमध्ये राहायचे, आणि त्यांनी माझ्यासाठी अप्रेंटिसच्या जागेची बोलणी करून ठेवली होती. जागा चांगली होती. तिला नावं ठेवणारा मी कोण? पण मला डॉक्टर व्हायचं होतं आणि ते मी झोपेतसुद्धा बडबडत असे, असं आई सांगायची.

सर मुळात तुमसरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. हेडमास्तर एकदा म्हणाले की तुमच्या वर्गात फार गलका असतो, मुलं गप्प हवीत. सर म्हणाले, "गप्प बसलेलं पोट्टं शिकून राहिलं का झोपून राहिलं, हे मले समजत नाही." त्यावरून वाढत वाढत राजीनाम्यापर्यंत गेलं. मग ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन भंडाऱ्याला आले आणि ओसरीवर शिकवू लागले. पॅन्ट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली, जणू वाटेत कुठंही बांधी लागेल आणि उतरावं लागेल. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. हँडल धरून ते तिच्याशेजारून चालायचे, कारण पायडल मारताना मनातल्या मनात गणित सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग सायकल घेताच कशाला, असं एकानं विचारलं. "पिशवी टांगाले," सर म्हणाले.

त्या पिशवीत तांदूळ असायचा. हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं.

सरांची आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, धाकट्या भावाच्या शेताला लागून थोडी जमीन होती आणि तिच्यात ते चिन्नोर लावायचे. बारीक, सुवासिक तांदूळ. त्याचा त्यांना एवढा गर्व होता की दुसऱ्या कोणाच्या धानाचा भात ते खातच नसत. लग्नाला गेले तरी पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढून आचाऱ्याच्या हातात द्यायचे, "माझा भात अलग शिजव." लोक चिडायचे, हसायचे. सरांना दोन्ही सारखंच. "ज्याच्या घरी धान हाये, त्यानं तांदूळ इकत आणला," ते म्हणायचे, "म्हणजे त्याचं सरकार पडलं असं समजा." त्यांचं सरकार कधी पडलं नव्हतं आणि पडेल असं वाटतही नव्हतं.

आमच्याबरोबर शालू नावाची मुलगी शिकायला होती. तिचे वडीलही फॅक्टरीत होते. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून ती बसनं यायची. एकदा तिच्या आईनं सरांना आणि मला जेवायला बोलावलं. सरांनी दारातच पुरचुंडी पुढे केली आणि त्या बाईंचा चेहरा पडला. पण भात शिजला, झाकण निघालं, आणि शेजारच्या क्वार्टरमधली बाई कुंपणापलीकडून विचारती झाली की आज काय केलं हो तुमच्याकडे. सर पानावर बसून एखाद्या नवरदेवासारखे लाजले. शालू नंतर मला म्हणाली, "फिजिक्समध्ये कोणी शंभर मार्क आणले तरी हा माणूस इतका खूश होत नाही." खरं होतं ते.

आता अभ्यास. सरांच्या घरात मधल्या खोलीत धान ठेवायची बांबूची ढोली होती, माणसाच्या छातीएवढी उंच, शेणानं लिपलेली. आम्ही आलो की एक धडा वाचायला थोडा वेळ मिळायचा. ते झालं की सर हात पुढे करायचे, पुस्तकं गोळा व्हायची आणि ढोलीतल्या धानावर जाऊन पडायची. मग कोरे कागद. जे वाचलं ते लिहा. आकृत्या काढा. आठवत नसेल तर आठवा. आठवण्यासाठी कपाळ चोळा, अंगणात फिरा, विहिरीत डोकावा, काही करा, पण पुस्तक मिळणार नाही.

ढोलीचा पहारा काकूंकडे होता. एकदा मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत शिरलो आणि गूळ लावल्यासारखा बोललो, "काकू, फक्त एक आकृती बघायची आहे."

"काहून?"

"आठवत नाही म्हणून."

"यायनं सांगतलं हाये, आठवून झाल्याशिवाय द्यायचं नाही."

"पण आठवलं असतं तर मागितलं असतं का?"

काकूंनी विचार केला. "ते मले नको सांगू. ते यायले सांग. मी पुस्तक देत नाही." आणि तांदूळ निवडू लागल्या.

मी बाहेर येऊन चुकीचीच आकृती काढली. सर बघून खूश झाले. चुकीची आकृती काढल्यावर पुस्तकात बरोबर आकृती पाहिली की ती जन्मात विसरत नाही, हे त्यांनी मला न सांगता करून दाखवलं. माझ्या सगळ्या पुस्तकांना पुढे कोंड्याचा वास लागला. पानांत कधीकधी धानाचं टरफल सापडायचं.

"वाचलं म्हणजे पऱ्हे टाकले," सर म्हणायचे. "पऱ्हे पाहून कोणी हिरवं दिसते म्हणून नाचते का? उपटा ते. लावा."

लावणं म्हणजे त्यांचा रोवणीचा पेपर. त्यात लागोपाठचे दोन प्रश्न एका धड्यातले कधीच नसायचे. पहिला प्रिझमचा, दुसरा यकृताचा, तिसरा बेंझिनचा, चौथा परत प्रकाशाचा पण भलत्याच टोकाकडून. शालू पहिल्यांदा पेन आपटून उठली होती.

"सर, आत्ता कुठं यकृतात मन लागलं होतं!"

"लागलं म्हणूनच उपटलं. परीक्षा का तुले इचारून येते, बाई, तुह्यं मन कुठं लागलं?"

"पण असं केल्यानं गोंधळ होतो."

"होऊ दे गोंधळ. इथं होऊन गेला म्हणजे तिथं होत नाही."

शालू सरांशी रोज भांडायची आणि रोज वेळेवर यायची. मी भांडत नव्हतो, पण घरी जाऊन लपूनछपून जुन्या पद्धतीनं वाचायचो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची माझी वही तर वाचून वाचून मऊ झाली होती. सगळं पाठ वाटायचं. सरांनी एक दिवस त्यातलाच एक प्रश्न जरा वाकडा करून घातला आणि मला तो सुटला नाही. सरांनी वही हातात घेतली, चाळली आणि माझ्याकडे खरोखर कीव करून पाहिलं. "तुह्ये पऱ्हे म्हातारे झाले, गा. उपटाची वेळ निघून गेली आन् तू कोपऱ्यात पाणीच देत बसला." मला ते इतकं लागलं की मी त्या दिवसापासून ती वही उघडली नाही. केमिस्ट्री कोऱ्या कागदावरच केली.

परीक्षेत चार उत्तरांतून एक निवडायचं असे. सरांना हा प्रकार नवा होता, पण तो त्यांनी लगेच आपल्या बांधीत ओढला. धानात धानासारखंच दिसणारं तण येतं. लोंबी निघेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. "तीन उत्तरं म्हणजे तेच तण होय," सर म्हणाले. "त्यायच्याकडे पाहूच नका पहिले." म्हणून उत्तरांवर तळहात ठेवायचा, प्रश्न वाचायचा, आपलं उत्तर मनात पक्कं करायचं आणि मगच हात काढायचा. आम्ही हात आधी काढला की सर पट्टी मारायचे. पट्टी आमच्या हातावर नाही, कागदावर. तो आवाज पुरायचा.

आणि चूक झाली की बरोबर उत्तर सांगायचं नाही, हा आणखी एक ताप. "चुकीचं गाव सांग," ते म्हणायचे. घाईतून आली, की प्रश्न अर्धा वाचण्यातून, की मुळात माहीतच नव्हतं? गाव सापडल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. माझ्या बहुतेक चुका घाईच्या गावच्या निघाल्या. शालूच्या फाजील आत्मविश्वासाच्या. तिनं ते कधी कबूल केलं नाही.

सरांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची राइस मिल होती. पावसाळ्याच्या तोंडावर सर आम्हाला तिथं घेऊन गेले आणि मशीन चालू असताना पोत्यांवर बसवून पूर्ण पेपर सोडवायला लावला. पट्ट्याचा फटफटाट, हमालांची आरडाओरड, कागदावर कोंडा, नाकात कोंडा. मालक येऊन म्हणाले, "सर, यायले घरी बसवा ना, काहून हाल करून राहिले?" सर ओरडून म्हणाले, "हॉलमध्ये यायच्या मागं कोणी खोकलन, पुढं कोणी रडन, तवा काय करतीन? आताच होऊन जाऊ दे." त्या दिवशी आमचे मार्क नेहमीपेक्षा कमी आले, पण हॉलची भीती माझ्या अंगातून कायमची गेली. परीक्षेच्या दिवशी पलीकडचा मुलगा सारखा बाकावर पाय आपटत होता, तर मला त्याची मजाच वाटली.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना मामा बाबांना घेऊन सरांच्या ओसरीवर आले. फॅक्टरीच्या मुलाखतीचा दिवस ठरला होता आणि तो नेमका परीक्षेचाच दिवस होता. दोन्हीकडे जाणं शक्य नव्हतं. मी आतल्या खोलीत ढोलीला टेकून उभा राहिलो आणि ऐकू लागलो. माझं सगळं आयुष्य त्या ओसरीवर तीन माणसं ठरवणार होती.

मामांना जवाहरनगरला राहून बरीच वर्षं झाली होती, त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी असायची. "सर, पोट्टा हुशार आहे, मानतो मी. लेकिन एकदा झालं ना? ही जागा बार बार निघत नाही. तुम्ही जबान द्या की हा पास होईल, आम्ही मुलाखत सोडतो."

सरांनी मामांकडे पाहिलंच नाही. ते बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे पऱ्हे कधी उपटता?"

बाबा ओसरीवर अंग चोरून बसले होते. शेताचं नाव निघताच सैल झाले. "तीनक हप्त्याचे झाले का उपटतो, गुर्जी. महिन्याच्या वर गेले का कांड धरतेत, मंग फुटत नाहीत."

"आन् उपटले, पण लावलेच नाही तं?"

"धुऱ्यावरच सुकतीन. दुसरं काय?"

"मी याले उपटून ठेवलं हाये. आता तुमी सांगा."

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "पिकल काय, गुर्जी?"

"पिकाची ग्यारंटी मी देत नाही. रोवणीची देतो."

बाबा उठले, धोतर झटकलं आणि मामांना म्हणाले, "चाला. परीक्षेले जाऊ द्या त्याले."

मामा उठून उभे राहिले. "म्हणजे? ठरलं? अहो, हे काय धान आहे का!" पायऱ्या उतरताना ते पुटपुटत होते की दोघं शेतकरी मिळून पोराचा घात करून राहिले. बाबा मात्र निघण्याआधी आत आले. त्यांनी ढोलीवर हात ठेवून आतलं धान किती आहे ते अंदाजानं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

मला वाटलं, आता काळजी फक्त माझीच राहिली. पण परीक्षा यंदा ऐन रोवणीत येत होती. दर वर्षी सर रोवणीच्या दिवसांत शिकवणी बंद करून आंबागडला जायचे. त्यांचा नियम होता, ते हजर असल्याशिवाय त्यांच्या बांधीत कोणी रोवायचं नाही. रोवणीच्या बाया नजरेनं अंतर धरतात ते त्यांना खपत नसे. ते दोरी ताणून, वितीनं मोजून लावायचे. गावात सगळे यावर हसायचे, पण धाकटा भाऊसुद्धा त्या बांधीत पाय टाकत नसे. आणि यंदा सर जायचं नावच काढेनात.

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना भाऊच आला. ओसरीवर न बसता उभ्यानंच म्हणाला, "दादा, गावातली रोवणी आटपत आली. तुये पऱ्हे कांडावर आले. मी लावून टाकू काय?"

"नाही. मी येतो."

"कवा?"

"यायची परीक्षा झाली का."

भाऊ आमच्याकडे, म्हणजे शालूकडे आणि माझ्याकडे, असा पाहून गेला की जणू आम्ही त्याचे बैल सोडून नेले होते. तो गेल्यावर काकू बाहेर आल्या. त्या सरांना कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"पोट्ट्यायले शिकवता का पऱ्हे म्हातारे होऊ देऊ नका. आन् आपले?"

सरांनी खडू झटकला. "धान येत्या साली बी होते," ते म्हणाले. "हे पोट्टे येत्या साली इथं नाही राहत." आणि फळ्यावर पुढचा प्रश्न लिहिला. आम्ही दोघं मान खाली घालून तो सोडवू लागलो. मला आठवतं, तो विजेचा प्रश्न होता आणि आम्हा दोघांचाही पहिल्या झटक्यात सुटला.

परीक्षा नागपूरला झाली. मी उत्तरांवर हात ठेवला, प्रश्न वाचला, हात काढला. आपण काय करतोय ते पहिल्यांदाच मला माहीत होतं. संध्याकाळी भंडाऱ्याला परतलो तर सरांच्या घराला कुलूप. आम्ही हॉलमध्ये शिरलो असू तेव्हाच ते काकूंना घेऊन आंबागडच्या वाटेला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शालू आणि मी निघालो. तुमसरपर्यंत एसटी, पुढं मिळाली तेवढी बैलगाडी आणि बाकी पायी. किल्ल्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा शालूनं विचारलं, "आपण पेपर कसा गेला तेच सांगायला चाललोय ना?" मी हो म्हणालो. दोघांनाही माहीत होतं की तेवढंच नव्हतं.

आजूबाजूच्या बांध्या लावून झाल्या होत्या. एक सरांचीच तेवढी उरली होती. रोवणीच्या बायांचे जथे दुसऱ्या गावांना निघून गेले होते, दोनतीन म्हाताऱ्या बाया तेवढ्या मिळाल्या होत्या. सर चिखलात दोरी ताणत होते.

"सर, पेपर—" शालूनं सुरुवात केली.

"पेपर कुठं जात नाही. पऱ्हे जाते. उतरा."

मी उतरलो. शालू जन्मात कधी चिखलात उतरली नव्हती. तिनं सलवार वर खोचली आणि उतरली. पऱ्हे हातात घेतले आणि मला कळलं. ते ताठ झाले होते, खाली गाठी धरल्या होत्या. असे पऱ्हे फुटत नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

"शेंडे खुडा," सर म्हणाले. "एका जागी दोन नाही, चार-पाच लावा. जवळजवळ लावा. म्हाताऱ्याले फुटवे कमी येते, म्हणून सोबत जास्त पाहिजे." मग ओळ सुरू झाली आणि त्यांचा आवाज ओसरीवरच्या आवाजासारखा झाला. "हं. पहिला सवाल काय होता? एका ओळीत एक. आठवून सांगा."

त्या दुपारी आम्ही अख्खा पेपर त्या चिखलात परत सोडवला. एकजण प्रश्न आठवायचा, दुसरा उत्तर सांगायचा, सर मागं सरकत सरकत ऐकायचे. एका ठिकाणी मला प्रश्न आठवेना. सर थांबले, म्हणून दोरी थांबली, म्हणून बायाही थांबल्या.

"सोडा ना जी त्या पोट्ट्याले," एक म्हातारी म्हणाली, "पाठ मोडली त्याची."

"आठवू द्या त्याले."

प्रकाशाचा प्रश्न होता. आठवला. उत्तरही सांगितलं.

"तिथं हेच लिहिलं काय?"

"हेच."

"मंग झालं," सर म्हणाले आणि दोरी पुढं सरकवली.

यादी लागली तेव्हा तिच्यात शालूचं नाव होतं. माझं नव्हतं. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं, तेही पार खाली. फॅक्टरीची जागा तोवर भरून गेली होती.  बाबा शेतात जायचे, यायचे. मी उठलो आणि आंबागडला गेलो. सर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. त्यांच्या बांधीतलं धान शेजारच्यांपेक्षा बुटकं आणि पिवळट होतं.

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

"रोवल्यावर धान कसं दिसते बे?" सरांनी विचारलं.

"पिवळं."

"सगळ्यायचंच?"

"सगळ्यांचंच. मूळ धरेपर्यंत."

"शेतकऱ्याचा पोट्टा होऊन काहून रडून राहिला मंग? घरी जा. मेडिकलच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं कोनाकडून तरी आणून वाचाले लाग."

त्यांच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. त्या माणसाला काय अधिकार होता एवढी खात्री बाळगायचा, हे मला आजही कळलेलं नाही, पण मी घरी गेलो आणि पुस्तकं आणून वाचायला बसलो. पोळा होऊन गेला आणि एक दिवस कॉलेजातून तार आली. वरची काही मुलं दुसरीकडे गेली होती. मला बोलावलं होतं. बाबा तार घेऊन स्वतः जवाहरनगरला गेले, मामांना दाखवायला. मामांनी ती वाचली आणि क्वार्टरच्या सगळ्या ओळीत पेढे वाटले.

पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात मी सरांकडे गेलो. ओसरीवर नवी मुलं बसली होती, कोरे कागद घेऊन, कपाळ चोळत. ते पाहून मला फार बरं वाटलं. सर म्हणाले, "पहिले जेव," आणि आम्ही आत पानावर बसलो. ढोली तिथंच होती. आत पुस्तकं पडली होती, आणि पुस्तकांखाली बांबूचा तळ दिसत होता.

काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ आली. वास आला नाही.

मी सरांकडे पाहिलं. ते ताटात बघत होते.

"काय पाहून राहिला? जेव. बाजारचा हाये. होळीपासून हाच खाऊन राहिलो."

काकू चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या बांधीत तनीसच झाली निस्ती. दाणा धरलाच नाही."

"तू चूप वो," सर म्हणाले. मग मला, "हाताचे हाडं शिकवले काय तुमाले?"

"हो सर."

"मंग सांग. खांद्यापासून. पुस्तक नाही हाये इथं."

मी घास घेतला आणि सांगू लागलो. खांद्याचं सांगितलं, दंडाचं सांगितलं, कोपराखालची दोन सांगितली. तो मोकळा, बिनवासाचा भात तोंडात फिरत होता आणि मनगटापाशी येऊन मी थांबलो. मनगटाची सगळी हाडं मला येत होती. ओळीनं येत होती. बोलता येत नव्हतं.

"अटकला?" सर म्हणाले. "आठव. घाई नाही."

आणि विकतच्या तांदळाचा भात कालवत, शांतपणे जेवत, ते माझी वाट पाहत बसले.